१२३४५६७८९८७६५४३२१ : दहावा एक्का आला की काय होतं?

एकंदहं

नऊ एक्के ओळीने लिहा आणि त्या संख्येचा वर्ग करा.

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक. एकापासून नवापर्यंत चढत जातात आणि नवावरून एकापर्यंत उतरतात. उलटी वाचली तरी संख्या तीच. ही ओळ अनेकांनी कुठल्यातरी फॉरवर्डमध्ये पाहिली असेल. तिथे 'गणिताचा चमत्कार' एवढं म्हणून विषय संपतो. मला तो तिथून पुढे न्यायचा आहे, कारण या संख्येचा बारकाईने अभ्यास केलेला माणूस आपल्याकडचा होता.

दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर. जन्म १९०५, डहाणू. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. पुढे देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही, पण संख्यांवर आयुष्यभर प्रेम. जीआयपी रेल्वेवर (आजची मध्य रेल्वे) मुंबईपासून तीसेक मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं, म्हणजे आजचं डोंबिवली. तिथे त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांचं नावही 'डेम्लो संख्या' ठेवलं. १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यावर त्यांचं टिपण आलं.

डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात: डावा, मधला, उजवा. मधल्या भागात एकच अंक (एकदा किंवा अनेकदा), आणि डावा अधिक उजवा केलं की तोच अंक यायला हवा. १६५ घ्या: १ + ५ = ६, मध्ये ६. २५५३: २ + ३ = ५, मध्ये ५५. ४७७७३: ४ + ३ = ७, मध्ये ७७७.

आता आपली संख्या तशीच तोडा.

१२३४५६७८ | ९ | ८७६५४३२१

डावा + उजवा = १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

मध्ये नऊ, बेरजेत सगळे नऊ. या कुळातल्या प्रत्येकीचं असंच आहे. १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३ आणि मध्ये ३. १२३४३२१ मध्ये १२३ + ३२१ = ४४४ आणि मध्ये ४. काप्रेकरांनी १, १२१, १२३२१ या रांगेला 'वंडरफुल डेम्लो' म्हटलं, आणि आपली संख्या त्या रांगेतली नववी.

या संख्येबद्दल ज्याला जे ठाऊक असेल ते इथे लिहावं. आकडेमोड कागदावर करून दाखवली तर फारच छान.

नवीन_वाचक

धागा आवडला. एक साधा प्रश्न: हे अंक असे का चढतात? वर्ग केल्यावर १, २, ३ असेच का यावेत? आणि ही संख्या वाचायची कशी?

शाळामास्तर

@नवीन_वाचक, चार एक्के घेऊन गुणाकार मांडा. नऊ घेतले तरी चाल तीच.

११११
११११०
११११००
११११०००

चारही ओळी एककाखाली एकक येईल अशा वहीत लिहा. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली दिसेल. आता प्रत्येक रकान्यात किती एक्के आले ते मोजा. उजवीकडून पहिल्या रकान्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार. तिथून पुढे ओळी संपत जातात, म्हणून तीन, दोन, एक. बेरीज १२३४३२१. नऊ एक्क्यांना सर्वांत उंच रकान्यात नऊ येतात. हातचा कुठेच घ्यावा लागत नाही, म्हणून रकान्यांची मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते.

यातून आणखी एक गोष्ट हाती लागते. हातचा नसेल तर वर्गाच्या अंकांची बेरीज ही वर्ग केलेल्या संख्येच्या अंकांच्या बेरजेचा वर्ग असते. नऊ एक्क्यांची बेरीज ९. आपल्या संख्येची: १ + २ + ... + ९ + ८ + ... + १ = ८१. मुलांना आधी बेरीज करायला लावावी आणि मग हे कारण सांगावं.

चाळीसगावकर

वाचायचं कसं, हे मी सांगतो. आमच्या तालुक्यात पाटणे गावाजवळ जो शिलालेख आहे तो भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी काढलेल्या मठाचा. त्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत स्थानांची नावं एकापासून परार्धापर्यंत अठरा दिली आहेत. आपली संख्या सतरा अंकी, म्हणजे तिचा पहिला एक 'मध्य' या सतराव्या स्थानावर बसतो. परार्धाच्या एकच घर अलीकडे. रोजच्या बोलण्यात मात्र कोटी धरून वाचणं सोपं: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस.

चढत्या-उतरत्या अंकांची आवडही जुनी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, साधारण ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात असे गुणाकार दिले आहेत ज्यांची उत्तरं कंठ्यासारखी दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात. त्यातला एक:

२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

ही रांगेतली सहावी. ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग. ५२९१ × २१ = ११११११. म्हणजे सहा एक्क्यांचा वर्गच वेगळ्या तोंडाने मांडलाय. अकराशे वर्षांपूर्वी हे कोणीतरी हाताने शोधून श्लोकात बसवलं, याचं मला खरोखर अप्रूप वाटतं.

जुनी_वही

मी ही संख्या संगणकावर तपासायला गेले. स्प्रेडशीटमध्ये १११११११११ चा वर्ग केला तर १२३४५६७८९८७६५४३०० आलं. मुलाने वेब ब्राउझरमध्ये एक ओळ लिहून केलं तर शेवट ३२० आला. शेवटी एक असायलाच हवा ना? विषम संख्येचा वर्ग सम कसा येईल?

कोडवाला

@जुनी_वही, तुमची शंका अगदी बरोबर. गणित ठीक आहे, साठवण अपुरी पडते.

स्प्रेडशीट साधारण पंधरा अंकच जपून ठेवतं, पुढे शून्यं भरतं. आपली संख्या सतरा अंकी, म्हणून शेवटचे दोन गेले.

ब्राउझरची गोष्ट जास्त मजेशीर. तिथे नेहमीची संख्या ६४ बिटांत ठेवतात, त्यातले ५३ बिट अंकांच्या वाट्याला येतात. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. इथपर्यंत प्रत्येक पूर्णांक नीट मावतो. त्याच्यापुढे, दुपटीपर्यंत, फक्त सम संख्या मावतात. आपली संख्या नेमकी त्या पट्ट्यात आहे आणि विषम आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या सम संख्या म्हणजे ...३२० आणि ...३२२, दोन्ही सारख्याच अंतरावर. अशा वेळी नियमाने ...३२० निवडली जाते. पायथन या संगणकभाषेत पूर्णांकाला अशी मर्यादा नाही, तिथे ३२१ बरोबर येतं.

अवयवी

आता हिचे अवयव पाडू. नऊ एक्क्यांपासून सुरुवात:

१११११११११ = १११ × १००१००१
१११ = ३ × ३७
१००१००१ = ३ × ३३३६६७

३३३६६७ ही मूळ संख्या आहे. म्हणून १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि आपली संख्या म्हणजे ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. विभाजक किती? ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते, त्याप्रमाणेच.

शाळामास्तरांनी अंकांची बेरीज ८१ काढली. संख्येला ८१ ने भागून पाहा:

१२३४५६७८९८७६५४३२१ ÷ ८१ = १५२४१५७८९९७१०४१

निःशेष भाग जातो. आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद संख्या' हे नाव काप्रेकरांनीच दिलं. म्हणजे ही डेम्लो आहे आणि हर्षदही आहे. भागाकारही पूर्ण वर्ग आहे, १२३४५६७९ चा.

हा १२३४५६७९ नीट बघा, त्यात आठ नाही. त्याला ९ ने गुणलं की नऊ एक्के, ६३ ने गुणलं की नऊ सात. आणि १ ÷ ८१ करायला घेतलं तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असा तोच गट पुन्हा पुन्हा येत राहतो. आठ का गळतो? खरं तर तिथे ०, १, २, ... ७, ८, ९, १०, ११ असे सगळे आकडे एकेका घरात बसायला येतात. दहा एका घरात मावत नाही, त्याचा हातचा नवाच्या घरात जातो. नवाचे दहा होतात, तिथे शून्य उरतं आणि हातचा आठाच्या घरात जातो. आठाचा नऊ होतो. म्हणून सातानंतर थेट नऊ दिसतो.

नवीन_वाचक

मग मधे दहा घातले तर? १२३४५६७८९१०९८७६५४३२१ हीसुद्धा वर्ग असते का?

अवयवी

नाही. ही वीस अंकी संख्या चक्क मूळ संख्या आहे. १ आणि स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीला ४५ विभाजक आणि दुसरीला दोन. दहा एक्क्यांचा वर्ग वेगळा येतो:

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

जुनी_वही

म्हणजे दहाव्या एक्क्याला सगळं मोडलं. चढण मोडली, उलटी वाचली तर सारखी राहिली नाही, अंकांची बेरीजही १०० ऐवजी ८२ आली. मला वाटतं ही सगळी गंमत आपण दहाच्या पटीत मोजतो एवढ्यापुरतीच आहे. माणसाला आठ बोटं असती तर नऊ एक्क्यांचं कौतुक कोणी केलं नसतं. यात संख्येचा गुण किती आणि लिहिण्याच्या पद्धतीचा किती?

शाळामास्तर

प्रश्न मोलाचा आहे. उत्तर दोन बाजूंनी देतो.

रकान्यात एक्के मोजताना आपण दहाचा उपयोग कुठेच केला नाही. फक्त हातचा येऊ नये एवढंच पाहिलं. म्हणून कोणत्याही पायात, म्हणजे दहाऐवजी दुसऱ्या कुठल्या संख्येच्या पटीत मोजलं तरी, हे चालतं. आठच्या पायात '१२१' म्हणजे ६४ + १६ + १ = ८१, नवाचा वर्ग, आणि नऊ त्या पायात '११' असा लिहितात. पाचच्या पायात '१२३२१' म्हणजे ६२५ + २५० + ७५ + १० + १ = ९६१, ३१ चा वर्ग, आणि ३१ त्या पायात '१११'. आठ बोटांच्या माणसांनी सात एक्क्यांचं कौतुक केलं असतं, एवढाच फरक. आपली सतरा अंकी ओळ बाराच्या किंवा सोळाच्या पायात वाचली तरी पूर्ण वर्गच राहते. ती मुळात बीजगणितातली नित्यसमानता आहे, म्हणजे कोणतीही किंमत घातली तरी खरं राहणारं समीकरण.

८२ चं म्हणाल, तर प्रत्येक हातच्याला अंकांची बेरीज ९ ने घटते: दहा जाऊन पुढच्या घरात एक येतो. दहा एक्क्यांच्या वर्गात हातचे दोन. १०० − १८ = ८२. यातही काही मोडलेलं नाही.

एकंदहं

मी दहाव्याबद्दल वेगळं म्हणेन. चढण मोडते, पण डेम्लोचं मर्म चढणीत नव्हतंच, दोन भागांच्या बेरजेत होतं. तीच बेरीज दहाव्याला करून बघू. वर्ग उजवीकडून दहा अंकांवर तोडा:

१२३४५६७९० | ०९८७६५४३२१

१२३४५६७९० + ९८७६५४३२१ = ११११११११११

दहा एक्के! ज्या संख्येचा वर्ग केला तीच परत आली. वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की जिचा वर्ग केला तीच संख्या मिळते, अशा संख्यांना आज जगभर 'काप्रेकर संख्या' म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७. डेम्लोची रांग जिथे मोडली असं वाटतं, तिथेच काप्रेकर संख्या उभी आहे. एकाच माणसाने अभ्यासलेली ही दोन कुळं इथे एकमेकांना भेटतात. @अवयवी, याचं कारण मांडता का? मला ते ताळ्यात दिसतंय.

अवयवी

बरोबर, ताळ्यातच आहे.

नवाचा ताळा सगळ्यांना माहीत आहे: संख्येला ९ ने भागून जी बाकी उरते तीच अंकांच्या बेरजेला ९ ने भागून उरते, कारण १० ला ९ ने भागल्यावर बाकी १. तसंच १०० ला ९९ ने भागल्यावर बाकी १, म्हणून ९९ चा ताळा घेताना दोन-दोन अंकांचे गट मिळवायचे. आणि नऊ नवांचा ताळा घेताना नऊ-नऊ अंकांचे.

आता न एक्क्यांच्या संख्येला 'ए' म्हणू. न नवांची संख्या म्हणजे ९ए. ए × ए ला ९ए ने भागलं तर बाकी काय? ए × (ए ला ९ ने भागून उरलेली बाकी). ए च्या अंकांची बेरीज न, म्हणून कंसातली बाकी म्हणजे न ला ९ ने भागून उरलेली बाकी. म्हणजे वर्गाचे दोन तुकडे मिळवले की ए ची तेवढी पट यायला हवी.

न = ३ : १२ + ३२१ = ३३३
न = ४ : १२३ + ४३२१ = ४४४४
न = ९ : १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९

नऊला ९ ने भागून बाकी शून्य, पण दोन धन तुकड्यांची बेरीज शून्य येऊ शकत नाही, म्हणून पूर्ण ९ए. यावरून आपल्या संख्येची मला सर्वांत देखणी वाटणारी मांडणी मिळते:

१२३४५६७८९८७६५४३२१ = १२३४५६७९ × ९९९९९९९९९ = १२३४५६७९००००००००० − १२३४५६७९

शेवटची वजाबाकी कागदावर करा. उजव्या अर्ध्यात ९८७६५४३२१ आपोआप उमटतं आणि डावीकडे १२३४५६७९ चा एक कमी होऊन हरवलेला आठ परत येतो.

न = १० ला बाकी १, म्हणून बेरीज ए स्वतःच. काप्रेकर संख्या का मिळाली त्याचं उत्तर हे.

नवीन_वाचक

मी अकरा आणि बारा हाताने केले.

१२३४५६७९०१ + २०९८७६५४३२१ = २२२२२२२२२२२
१२३४५६७९०१२ + ३२०९८७६५४३२१ = ३३३३३३३३३३३३

अकराला दोन, बाराला तीन. वर्ग दिसायला कितीही विस्कटले तरी बेरीज चुकत नाही! पण ताळा फक्त बाकी सांगतो. बेरीज त्या बाकीहून आणखी ९ए ने मोठी नसेल कशावरून?

अवयवी

ही शंका काढलीत याचा आनंद झाला, कारण सिद्धतेतली उरलेली पायरी हीच. ए म्हणजे एकावर न शून्यं असलेल्या संख्येचा साधारण नववा भाग, म्हणून वर्गाचा डावा तुकडा त्या संख्येच्या साधारण एक्याऐंशीव्या भागाएवढा. उजवा तुकडा तिच्याहून लहान. दोन्ही मिळून फार तर १.०१३ पट. बाकीत ९ए मिळवले तर निदान १०ए होतात, म्हणजे १.११ पट. तिथवर बेरीज पोचतच नाही. म्हणून १०, १९, २८, ३७ अशा प्रत्येक न साठी एक्क्यांची संख्या काप्रेकर संख्या आहे, आणि त्या अनंत आहेत.

चाळीसगावकर

एक्क्यांच्या जागी दुसरा अंक घेतला तर? दुऱ्या, चौके?

अवयवी

तीच रीत. अंक 'ड' असेल तर ड × ड × न ला ९ ने भागून बाकी ड यायला हवी. दोनासाठी ४न ची बाकी २ हवी, न = ५ ला येते:

२२२२२ चा वर्ग ४९३८१७२८४, आणि ४९३८ + १७२८४ = २२२२२

चाराला न = ७:

४४४४४४४ चा वर्ग १९७५३०८२४६९१३६, आणि १९७५३०८ + २४६९१३६ = ४४४४४४४

पाचाला दोनच पुरतात: ५५ चा वर्ग ३०२५, ३० + २५ = ५५. आठाला आठ लागतात. तीन आणि सहा यांना मात्र कधीच जमणार नाही, कारण ९न आणि ३६न या दोन्हींची बाकी नेहमी शून्य, तिथे बेरीज सगळी नवांचीच येते. ३३ चा वर्ग १०८९, १० + ८९ = ९९.

शाळामास्तर

सातासाठी ४९न ची बाकी ७ हवी, म्हणजे न = ४. आत्ताच करून पाहिलं:

७७७७ चा वर्ग ६०४८१७२९, आणि ६०४८ + १७२९ = ७७७७

उजव्या तुकड्यात रामानुजनचा १७२९ आलाय, दोन घनांची बेरीज म्हणून दोन रीतींनी लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या.